समीक्षा केणेची पारख

समीक्षा केणेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या सोसायटीच्या गेटजवळ गुडघे टेकून स्पीडब्रेकरची उंची मोजत होती. वॉचमन शेजारी उभा राहून विचारत होता, "मॅडम, कुणाकडे आलात?" आणि ती टेपवरची नजर न काढता सांगत होती, "बी विंग, आगाशे. पण आधी याच्याकडे आले."

आगाशे म्हणजे मी, सुधीर आगाशे. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन ठाण्यात बाळकुमच्या या सोसायटीत राहायला आलो. आयुष्यभर ज्या गाड्या घेतल्या त्या सगळ्या शहाणपणाने घेतल्या. मायलेज किती, सर्व्हिस सेंटर किती लांब, विकताना काय येईल. आवडली म्हणून एकही घेतली नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या साहेबांचा ड्रायव्हर आजारी पडला होता आणि त्यांची जर्मन सेडान ठाण्याहून डोंबिवलीला आणायचं काम माझ्यावर आलं होतं. तो पाऊण तास मी विसरलो नाही. वळणावर गाडी मागच्या चाकांनी ढकलत पुढे जाते, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन मी काही बोललो नाही. मुलगा लहान होता, फ्लॅटचे हप्ते चालू होते. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

निवृत्त झाल्यावर एकदा जेवताना सहज बोलून गेलो, तर वासंती, माझी बायको, म्हणाली, "मग घ्या ना एकदाची. गुडघे बदलल्यावर घेणार आहात का?"

तिथून घोळ सुरू झाला. जेवढ्या पैशात जर्मन कंपनीची नवी कोरी, लहान इंजिनाची सेडान येत होती, तेवढ्यातच तीन वर्षं वापरलेली, त्याच कंपनीची मोठ्या इंजिनाची येत होती. माझा जीव मोठ्या इंजिनात. आमचा नील बंगळुरूहून फोनवर रोज सांगायचा, "बाबा, नवीच घ्या. दुसऱ्याचं दुखणं कशाला विकत घ्यायचं?" दोन महिने आम्ही बापलेक यावरच भांडत होतो. शेवटी नीलचा शाळेतला मित्र अनिमेष मध्ये पडला. त्याने समीक्षाचा नंबर दिला. म्हणाला, "काका, शहाडची आहे. गाडी विकत नाही, कुणाकडून कमिशन खात नाही. गाडी बघते आणि आहे ते सांगते. त्याचीच फी घेते."

म्हणून ती आली होती. चौतिशीची असेल. पायात जाड बूट, पाठीवर सॅक, केस रुमालाने घट्ट बांधलेले. घरात आल्यावर चहा घेतला आणि मला वाटलं, आता इंजिनाबद्दल बोलेल. तिने वासंतीला विचारलं, "काकू, गुडघे कसे आहेत?"

"माझे? गाडी हे घेतायत."

"बसणार तुम्ही पण ना? या गाड्या खाली असतात. बसायला बरं वाटतं, उठताना कळतं."

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला घोडबंदर रोडच्या शोरूमला घेऊन गेली आणि वासंतीला नव्या सेडानमध्ये दहा वेळा बसवून उठवलं. शोरूमचा पोरगा चकित होऊन बघत होता. दहाव्या वेळेला वासंती म्हणाली, "दाराच्या वरच्या कडेला धरलं की जमतं गं." मगच समीक्षाने मला चालवायला बसवलं.

परत येताना मी तिला सरळ विचारलं, "नवी घेऊ की जुनी?"

"काका, नवी घेतलीत तर पहिली तीन वर्षं डोक्याला ताप नाही. जुनी घेतलीत तर गाडी जास्त मिळेल, पण दरवर्षी काहीतरी निघणार आणि ते स्वस्तात निघणार नाही. दोन्ही बरोबर आहे. तुम्ही महिन्यातून चारदा नाशिक हायवेला गंमत म्हणून जाणार असाल, तर जुनी बघू. पण मग एक अट. मी नाही म्हटलं की नाही. गाडीच्या प्रेमात पडून माझ्याशी वाद नाही घालायचा."

मी हो म्हटलं. सोपं वाटलं तेव्हा.

पुढचे तीन आठवडे मी तिच्याबरोबर फिरलो आणि थोडं थोडं करून तिची हकिगत कळत गेली. तिचे वडील राघो केणे यांचं कल्याण-मुरबाड रस्त्यावर शहाडजवळ डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. ठोकलेली गाडी राघोकडे गेली की ती ठोकली होती हे मालकसुद्धा विसरतो, असं त्या भागात म्हणत. समीक्षा शाळा सुटली की तिथेच. पॉलिशपेपरने पत्रा घासायला मिळावा म्हणून हट्ट करायची. राघो म्हणायचे, पोरी, हात खराब होतील. तिने आयटीआयला मोटार मेकॅनिक घेतलं. वर्गात दोनच मुली, त्यातली एक सहा महिन्यांत बँकेच्या परीक्षेला निघून गेली. पुढे सात वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होती. नोकरी का सोडली ते तिने एका वाक्यात सांगितलं, "न बघितलेल्या गोष्टीपुढे 'बघितलं' अशी टिक करायला सांगायचे." मग एक स्कॅनर, रंगाची जाडी मोजायचं मीटर, टॉर्च आणि स्वतःची स्कूटर एवढ्यावर तिने हा धंदा सुरू केला. सुरुवातीला लोक फोनवर बाईचा आवाज ऐकून म्हणायचे, तुमच्या मिस्टरांना द्या.

पहिली गाडी कोपरला बघितली. पांढरी, मीटरवर बावीस हजार किलोमीटर. समीक्षाने स्टिअरिंगवरून बोट फिरवलं, ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर मला दाखवलं आणि मालकाला नमस्कार करून बाहेर आली. "बावीस हजारात एवढं झिजायला हे काका काय उभे राहून ब्रेक मारतात?" दुसरी ठाण्यातच होती. इंजिनाखाली ती पाठीवर झोपली आणि तेल गळतंय म्हणून उठली. मला दोन्हीचं फार वाईट वाटलं नाही.

तिसरी निळी होती.

कल्याण-शीळ रस्त्यावर विकी नावाच्या माणसाचा जुन्या गाड्यांचा यार्ड होता. चाळिशीतला, बोलका, आल्या आल्या उसाचा रस मागवणारा. तिथे ही सेडान उभी होती. गडद निळा रंग, आत फिक्या बदामी सीट्स, मोठं इंजिन. मालक परदेशात गेला म्हणून विकायची, असं विकीने सांगितलं. मी ती शीळ फाट्यापर्यंत नेऊन आणली. परत आलो तरी स्टिअरिंग सोडवेना. वासंती मागे बसली होती. ती म्हणाली, "तुमचा चेहरा बघा आरशात."

समीक्षाने दोन तास घेतले. सगळ्या पत्र्यांवर मीटर लावलं, जाडी सारखी. स्कॅनर जोडला, एकही खोट नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वास घेतला, कार्पेटचे कोपरे उचलले, डॅशबोर्डखाली डोकं घातलं. विम्यात कुठल्या अपघाताची नोंद नव्हती. फक्त एक गोष्ट तिने वहीत लिहिली. कार्पेट आणि सीटबेल्ट गाडीपेक्षा नवे वाटतात. विकी म्हणाला, "मालक शौकीन होता मॅडम, सगळं बदलत राहायचा." ते पटण्यासारखं होतं.

शेवटी तिने डिकी उघडली, स्टेपनी बाहेर काढली आणि खालच्या खळग्यात टॉर्च मारला. दोन पत्रे जिथे जोडलेले असतात तिथे पाणी शिरू नये म्हणून सीलरची एक रेघ असते. समीक्षा त्या रेघेकडे बघत राहिली. मग बोटाने तिचं टोक चाचपलं. मी विचारलं, "काही आहे का?" तिने टॉर्च बंद केला. स्टेपनी जागेवर बसवली, हात पुसले आणि म्हणाली, "काका, आज टोकन देऊ नका. उद्या संध्याकाळी घरी येते."

"पण खराब काय आहे?"

"उद्या सांगते."

मी फी काढून पुढे केली. तिने घेतली नाही. विकीने "राघोमामांना नमस्कार सांग," म्हणून हात हलवला, तेव्हा तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला बेल वाजली. समीक्षा होती आणि तिच्यामागे पासष्टीचे एक गृहस्थ. उंच, काळेसावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. चपला दाराबाहेर काढून ते आत आले आणि सोफ्यावर न बसता उभेच राहिले.

"हे माझे बाबा," समीक्षा म्हणाली.

राघो केण्यांनी हात जोडले. "सायेब, ती निली गारी मीच बनवलीय. पुरात बुरालेली. सीटपरत पानी व्हता."

वासंतीने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन पावसाळ्यांपूर्वी उल्हास नदीचं पाणी चढलं तेव्हा ही गाडी नदीकाठच्या एका बंगल्यात उभी होती. मालक खरोखरच परदेशात होता, विम्याची मुदत संपलेली, त्यामुळे कुठे कागदावर काही आलंच नाही. विकीने ती जवळजवळ भंगारात उचलली आणि राघोंच्या गॅरेजला आणून टाकली. चार महिने राघो त्या गाडीवर होते; समीक्षा तेव्हा दिवसभर बाहेर गाड्या बघत फिरायची, गॅरेजकडे तिचं जाणंच होत नसे. तळाचा सगळा सीलर खरवडून जोडांतला चिखल काढला, पत्रा सुकवला, पुन्हा सील केला. वायरिंग आणि आतलं सगळं दुसऱ्या माणसाने बदललं.

"विकी बोलला, गिऱ्हाइकाला सांगून इकीन. मी पुरं इचारला नाय." राघो आपल्या हातांकडे बघत म्हणाले. "काम चांगला जाला, त्याचाच मना कवतिक."

तरुणपणी पत्रा कापताना त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं. सीलरची रेघ ओढून झाली की ते अंगठ्याने टोक दाबायचे आणि तिथे एक चपटा ठसा राहायचा. मशीनने ओढल्यासारखी सरळ रेघ आणि शेवटी तो ठसा. समीक्षा लहानपणापासून तो ठसा बघत आली होती. ठाणे जिल्ह्यात तो दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

मी तिला विचारलं, "पण तू मला नुसतं 'नको' म्हणू शकली असतीस. तशी आपली अटच होती. मी कारण विचारलं नसतं."

"माहितीये काका. काल घरी जाताना तेच डोक्यात होतं. तुमची सुटका झाली असती, बाबांचं नाव राहिलं असतं. पण गाडी तिथेच उभी राहिली असती ना. पुढच्या रविवारी कुणीतरी येणार, रंग बघणार, स्कॅनर लावणार आणि घेऊन जाणार. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या एअरबॅगचा भरवसा नसतो. आज लाइट सगळं ठीक दाखवेल, वेळेला उघडणार नाही. मला ती रेघ दिसली कारण ती माझ्या बाबांची होती. दुसऱ्या कुणाला दिसणारच नाही."

आदल्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा राघो ओट्यावर बसले होते. तिने सॅक खाली ठेवली आणि विचारलं, "निळी गाडी तुमच्या हातची?" ते आधी हसले. पोरीने काम ओळखलं म्हणून खूश झाले. मग ती कुठे बघितली आणि कशी विकली जातेय हे ऐकल्यावर चिडले. विकी निम्मं काम देतो, त्याच्या पोटावर पाय द्यायचा तर आपल्याही पोटावर पडेल, तुला बापाला चोर ठरवायचंय का, असं बरंच बोलले. समीक्षाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या मी त्यांना खरं सांगणार. तुमचं नाव वगळून सांगितलं तर ते अर्धं खोटं होईल, म्हणून नाव घेऊन सांगणार. पण तुम्ही स्वतः आलात तर मला बरं वाटेल." आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली. राघो त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी उठले आणि पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

हे सगळं ती आमच्या दिवाणखान्यात, वडिलांच्या समोर सांगत होती आणि ते मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी डोकं वर केलं आणि वासंतीला म्हणाले, "वयनी, माझी पोर खोटा बोलत नाय. मनाच त्याची सवय करायला लागते." वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र त्या क्षणी, खरं सांगतो, निळ्या गाडीचंच वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं विकीच्या यार्डवर गेलो. मी जायची गरज नव्हती, पण घरी बसवेना. समीक्षाने रिपोर्ट लिहून आणला होता. पूर, पाण्याची पातळी, काय काय बदललं, सगळं. खाली तिची सही आणि साक्ष म्हणून राघोंची.

विकीने तो वाचला. आधी हसण्यावारी नेलं. मग आवाज चढला. "राघोमामा, तू पण? आठ वर्षं तुझ्याकडे गाड्या पाठवतोय मी. ही तुझी मुलगी आहे म्हणून आत घेतली, नाहीतर असल्यांना मी गेटवर थांबवतो."

राघो शांतपणे म्हणाले, "तू बोललास सांगून इकीन. मग सांग."

"सांगून कोण घेणार?"

"नाय घेतली तर नाय घेतली."

विकी समीक्षाकडे वळला. "हा कागद तू कुणाकुणाला दाखवणार?"

"जो कुणी या गाडीबद्दल मला विचारेल त्याला. तुझी बदनामी करत फिरणार नाही. पण विचारलं तर लपवणार पण नाही."

त्याने रिपोर्ट पुन्हा वरून खाली वाचला. शेवटी विकीने कागद टेबलावर आपटला, मोबाइल काढला आणि गाडीची जाहिरात आमच्यासमोर काढून टाकली. तो वाईट माणूस होता असं मला आजही वाटत नाही. त्याच्यात खरं बोलायची हिंमत नव्हती आणि आतापर्यंत कुणी ती मागितली नव्हती. पुढे महिन्याभराने त्याने ती गाडी पुरात बुडाल्याचं स्पष्ट लिहून, सुट्या भागांसाठी विकली.

पण त्याने राघोंचं काम बंद केलं. त्याचं बघून आणखी दोन यार्डवाल्यांनी बंद केलं आणि समीक्षालाही आत घेईनासे झाले. चार महिने गॅरेज जवळजवळ रिकामं होतं. राघो रोज सकाळी शटर उघडून बसायचे. मुलीशी बोलायचे, पण कामापुरतंच. समीक्षाने मला हे कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "रुसलेत. माझ्यावर की स्वतःवर, ते त्यांना पण ठरवता येत नाहीये."

त्याच दिवसांत तिने मला गाडी मिळवून दिली. डोंबिवली पूर्वेला डॉ. देवयानी खरे नावाच्या दंतवैद्य बाईंची चार वर्षांची सेडान. राखाडी, मोठं इंजिन, पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं एका फाइलमध्ये लावलेली. डाव्या मागच्या दाराला एक ओरखडा होता आणि बाईंनी तो स्वतःहून दाखवला, "पार्किंगच्या खांबाला माझ्याच हातून." समीक्षाने यावेळी तीन तास घेतले. मग बॉनेट बंद करून म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलायला लागतील. बाकी हो." नीलला फोन लावून तिने स्वतः सगळं समजावलं. नील फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही हो म्हणताय तर माझं काही म्हणणं नाही." दोन महिने बापाचं न ऐकलेला मुलगा.

तो ओरखडा मी राघोंकडूनच काढून घ्यायचा ठरवलं. गाडी शहाडला घेऊन गेलो. राघोंनी दारावरून तळहात फिरवला, दार उघडलं, मिटलं आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. गेलो तेव्हा ओरखडा कुठे होता ते मला सापडेना. त्यांनी बिलाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, डावा मागचा दरवाजा रंगवला आहे. खाली तारीख आणि सही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उद्या तुमी इकाल तवा घेनाऱ्याला दाखवा," ते म्हणाले. "आता सगल्याच गाऱ्यांचा लिवून देतो."

तो कागद मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दोघांचे नंबर दिले. बाळकुमला तीन हजार फ्लॅट आहेत आणि त्यातल्या निम्म्या लोकांची गाडी खांबाला घासलेली असते. पहिल्या आठवड्यात पाच गाड्या शहाडला गेल्या. हा माणूस जे केलं ते लिहून देतो, एवढ्याच गोष्टीवर लोक इतक्या लांब जायला तयार झाले. पहिल्यासारखं काम अजून झालेलं नाही. पण आहे तेवढ्यावर गॅरेज चालतंय.

गेल्या महिन्यात समीक्षाचा फोन आला. मुलुंडला एक गाडी बघायला चालली होती. मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. मी विचारलं, "कोण आहे बरोबर?"

"बाबा. रंग बघायला मीटर कशाला लागतं, मी हाताने सांगतो म्हणतायत. सकाळपासून डोकं खाल्लंय." ती हसत होती. मग आवाज थोडा लांब गेला. ती त्यांना सांगत होती, "हो हो, हेल्मेट घाला आधी."